पेंग्विनच्या अंगणातले खेळ

अंगणातला खेळ आपला असतो. विटीदांडू, लगोरी, गोट्या, ठिकरी हे खेळ कोणी शोधून काढले, ते कोणी सांगू शकत नाही. त्यांचे नियमही सगळीकडे सारखे नसतात. एका गल्लीत लगोरीला सात ठिकऱ्या लागतात, तर पलीकडच्या गल्लीत पाच पुरतात. एखाद्याचा धाकटा भाऊ खेळायचा हट्ट धरतो. मग मोठी मुले त्याला 'कच्चा लिंबू' ठरवतात. तो कधी बाद होत नाही. असा बदल करताना कोणी कोणाची परवानगी मागत नाही. खेळणाऱ्यांनी ठरवले, की नियम बदलला.

संगणकावरच्या खेळाचे मात्र तसे नसते. विकत आणलेला खेळ बंद पेटीसारखा असतो. मोटार किती वेगाने धावेल, उडी किती उंच जाईल, राक्षस किती घाव सोसेल, हे सारे त्या पेटीत लिहिलेले असते; पण ते आपल्याला वाचता येत नाही, मग बदलणे तर दूरच. इतकेच नव्हे, तर तो खेळ कोणत्या संगणकावर चालावा आणि कोणत्या संगणकावर चालू नये, हेसुद्धा पेटी बनवणाराच ठरवतो.

मुलांनो, या बंद पेट्यांच्या जगात एक उघडे घरही आहे. त्या घराचे नाव लिनक्स. त्याची खूण म्हणजे एक गुबगुबीत पेंग्विन. या घरात संगणकावरचे खेळ कसे आले, ते येताना कोणत्या अडचणी आल्या आणि कोणते दार अजून बंद आहे, याची माहिती आपण या पाठात घेऊ.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. संगणक म्हणजे नुसते यंत्र. शाळेची इमारत बांधली, बाके मांडली, फळे लावले, घंटा टांगली, म्हणून शाळा सुरू होत नाही. कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, घंटा केव्हा वाजेल, नकाशा कोणाला मिळेल, हे ठरवणारे कोणीतरी लागते. शाळेत ते काम मुख्याध्यापक आणि त्यांचे कार्यालय करते. संगणकात ते काम 'कार्यप्रणाली' करते. इंग्रजीत तिला 'ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. आपल्याकडे घरोघरी आणि कार्यालयांत जी पुष्कळदा दिसते, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' ही एक कार्यप्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी.

या दोहोंत मोठा फरक कोणता? बिर्याणीचे उदाहरण घ्या. बिर्याणी खाल्ली, म्हणजे ती करता येते असे नाही. त्यासाठी कृती माहीत असावी लागते. तांदूळ किती, मसाला कोणता, दम किती वेळ द्यायचा, हे कृतीत लिहिलेले असते. संगणकाच्या प्रत्येक आज्ञावलीचीही अशी कृती असते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रामर ती लिहितो. तिला 'सोर्स कोड', म्हणजे मूळ आज्ञावली म्हणतात. पुढे तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या शून्य आणि एक या अंकांत होते. विंडोजचे आपल्याला मिळते ते हे शिजलेले रूप. कृती कंपनीजवळ राहते. लिनक्सची कृती मात्र सर्वांसाठी खुली आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी आणि बदललेली दुसऱ्याला द्यावी. म्हणून लिनक्सला 'मुक्त' कार्यप्रणाली म्हणतात.

इंग्रजीत अशा आज्ञावलीला 'फ्री' म्हणतात. त्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यांचा नेहमी घोटाळा होतो. तुमचा होणार नाही. उर्दूत 'आझाद' वेगळा आणि 'मुफ्त' वेगळा. मराठीत 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. इथे अर्थ आहे तो आझाद, म्हणजे मुक्त. हा विचार घेऊन अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' नावाच्या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली. तिचे पुष्कळ भाग तयार झाले. पण गाभा तयार होत नव्हता.

१९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने केवळ छंद म्हणून कार्यप्रणालीचा गाभा लिहायला घेतला. त्याच वर्षी त्याने तो लोकांसमोर ठेवला आणि पुढच्या वर्षी ग्नूच्या मुक्त परवान्याखाली दिला. 'हे वापरा, बदला, वाटा. पण तुम्ही बदल करून दुसऱ्याला द्याल, तेव्हा त्याची कृतीही द्या', असा त्या परवान्याचा थोडक्यात अर्थ आहे. जगभरच्या शेकडो, पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. १९९६ साली लॅरी ईविंग यांनी पेंग्विनचे चित्र काढले. त्या पेंग्विनचे नाव टक्स.

लिनक्स वाढले. मोठमोठी कार्यालये, प्रयोगशाळा, विद्यापीठे ते वापरू लागली. पण मुलांना मात्र त्याचे फारसे आकर्षण वाटत नव्हते. कारण उघड होते. त्यावर बाजारातले खेळ चालत नव्हते.

खेळ चालत का नव्हते? प्रत्येक खेळ हा शाळेत आलेल्या पाहुण्यासारखा असतो. तो सारखा काही ना काही मागत असतो. 'मला पडद्यावर जागा द्या', 'ती फाईल उघडा', 'आता ढोल वाजवा', 'इथे निळ्या रंगाचा डोंगर काढा', अशा त्याच्या मागण्या असतात. विंडोजसाठी बनवलेला खेळ या मागण्या विंडोजच्या भाषेत करतो. लिनक्सला ती भाषा कळत नाही. पाहुणा दारात उभा राहून बोलत राहतो आणि घरातले लोक नुसते पाहत राहतात.

मग कंपन्यांनी आपले खेळ लिनक्सच्या भाषेत का केले नाहीत? ते म्हणत, 'लिनक्सवर खेळणारे आहेतच किती? तेवढ्यासाठी खर्च कोण करणार?' आणि खेळणारे म्हणत, 'लिनक्सवर खेळच नाहीत, मग आम्ही तिकडे कशाला जावे?' कोंबडी आधी की अंडे आधी, अशातला हा प्रकार झाला. हे चक्र कुठेतरी तोडणे भाग होते. ते तीन वाटांनी तोडण्याचा प्रयत्न झाला.

पहिली वाट म्हणजे आपले खेळ आपणच करणे. १९९५ साली डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी 'फ्रीसिव्ह' हा खेळ लिहायला सुरुवात केली. त्यात लहानशा वस्तीपासून आरंभ करून शहरे वसवायची, शेती आणि रस्ते वाढवायचे आणि एक संस्कृती उभी करायची असते. अनेक संगणक एकमेकांना जोडून पुष्कळ जणांना तो एकत्र खेळता येतो. ते तिघे विद्यार्थी पुढे आपापल्या कामाला लागले. पण कृती उघडी असल्यामुळे दुसऱ्यांनी खेळ पुढे नेला. तो आजही खेळला जातो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २००० साली कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या जॅस्मिन पॅट्री नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी 'टक्स रेसर' हा खेळ लोकांना दिला. पेंग्विन टक्स पोटावर घसरत बर्फाच्या डोंगरावरून खाली येतो आणि वाटेतले मासे गोळा करतो, एवढाच तो खेळ. पण चित्रे इतकी सुंदर, की लिनक्स वापरणारे आपला संगणक दाखवताना हाच खेळ लावून दाखवत. पुढे या मंडळींनी कंपनी काढली आणि २००२ साली खेळाची नवी आवृत्ती बंद पेटीत घालून विकायला काढली. तो त्यांचा हक्क होता. पण जुनी आवृत्ती मुक्त परवान्याखाली आधीच दिलेली होती. दिलेला शब्द परत घेता येत नाही. इतर लोकांनी ती जुनी कृती उचलली, सुधारली आणि नव्या नावाने पुढे चालवली. आज 'एक्स्ट्रीम टक्स रेसर' या नावाने तोच पेंग्विन घसरताना दिसतो. विकायला काढलेली आवृत्ती केव्हाच मागे पडली. मुक्त परवाना म्हणजे काय, हे समजायला एवढी एक गोष्ट पुरे आहे.

दुसरी वाट म्हणजे कंपन्यांनीच आपले खेळ लिनक्सवर आणणे. अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीचा 'डूम' हा खेळ १९९३ च्या डिसेंबरात आला आणि जगभर गाजला. १९९४ साली त्याच कंपनीतील डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर आणला. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. तिने डूमची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, आणि खुली केली तीही लिनक्सवरची. तेव्हापासून लोकांनी हा खेळ नाना प्रकारच्या यंत्रांवर चालवून दाखवला आहे. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खुली झाली ती आज्ञावली. त्या खेळातली चित्रे, नकाशे आणि संगीत यांचा हक्क कंपनीकडेच राहिला. म्हणून काही लोकांनी 'फ्रीडूम' या नावाने नवी चित्रे आणि नवे नकाशे स्वतः तयार केले. भांडे उघडे मिळाले, पण त्यात शिजवायचे सामान त्यांनी आपले आणले.

१९९८ साली अमेरिकेत 'लोकी सॉफ्टवेअर' नावाची एक छोटी कंपनी निघाली. दुसऱ्या कंपन्यांचे गाजलेले खेळ लिनक्सच्या भाषेत आणून विकायचे, हाच तिचा धंदा. तिने चांगले खेळ आणले. पण गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. २००२ च्या आरंभी ती बंद पडली. तरी तिचे श्रम वाया गेले नाहीत. त्या कंपनीत सॅम लँटिंगा नावाचे प्रोग्रामर होते. चित्र, आवाज आणि कळफलक यांच्याशी खेळाने कसे बोलावे, यासाठी त्यांनी 'एसडीएल' नावाचे एक साधन तयार केले होते. हे साधन वापरून लिहिलेला खेळ विंडोजवरही चालवता येतो आणि लिनक्सवरही. ते मुक्त होते. कंपनी गेली, पण साधन राहिले. आज असंख्य खेळांत ते वापरले जाते.

तिसरी वाट सर्वांत अवघड होती. खेळ बदलायचा नाही, घरही बदलायचे नाही; मधे दुभाष्या बसवायचा.

दुभाष्याचे काम तुम्हांला समजावून सांगायला नको. घरी आलेला पाहुणा फक्त मराठी बोलतो, आजीला फक्त उर्दू येते, अशा वेळी तुमच्यापैकी कितीतरी जण मधे बसून दोन्हीकडचे बोलणे पोचवत असतील. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठी डावीकडून उजवीकडे. अक्षरे वेगळी, वाक्याची घडण थोडी वेगळी. पण 'पाणी द्या' या मागणीचा अर्थ दोन्हींत एकच राहतो. चांगला दुभाष्या अक्षरांकडे नव्हे, तर मागणीकडे लक्ष देतो.

लिनक्सवरच्या या दुभाष्याचे नाव 'वाइन'. हे काम १९९३ साली सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार हे त्याचे प्रमुख आहेत. नावावर जाऊ नका. पिण्याच्या पदार्थाशी त्याचा संबंध नाही. 'वाइन म्हणजे नकली यंत्र नव्हे' अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्यातील शब्दांच्या पहिल्या अक्षरांपासून हे नाव बनले आहे. त्या नावात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. काही आज्ञावल्या संगणकाच्या आत दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करतात. त्या नकलेत खेळ हळू चालतो. वाइन तसे करत नाही. ते फक्त खेळाची मागणी ऐकते आणि ती लिनक्सच्या भाषेत लिनक्सला सांगते. बाकीचे काम खरा संगणकच करतो.

वाचायला हे सोपे वाटते. पण काम फार किचकट आहे. विंडोजमध्ये फाईलचा पत्ता एका तऱ्हेने लिहितात, लिनक्समध्ये दुसऱ्या तऱ्हेने. विंडोज इंग्रजीतील मोठ्या आणि लहान लिपीत सहसा भेद करत नाही. लिनक्स करते. खेळाने एक फाईल मोठ्या लिपीत मागितली आणि ती लहान लिपीत ठेवलेली असली, तर लिनक्सच्या दृष्टीने ती फाईल तिथे नसतेच. दुभाष्याला असे शेकडो बारकावे सांभाळावे लागतात. शिवाय विंडोजची कृती तर कुलपात. मग वाइन लिहिणाऱ्यांनी काय केले? त्यांनी छापलेली माहिती वाचली. लहान लहान चाचण्या लिहिल्या. 'असे विचारले तर विंडोज काय उत्तर देते?' हे पुन्हा पुन्हा पाहिले आणि तसेच उत्तर देणारी आज्ञावली आपल्या हाताने लिहिली. वाइनची पहिली पक्की आवृत्ती २००८ च्या जूनमध्ये बाहेर पडली. त्याला पंधरा वर्षे लागली. एवढा धीर धरणारी माणसे होती, म्हणून हे काम तडीस गेले.

तरीही मोठे खेळ अडखळत होते. अडचण होती ती चित्रांची. खेळातले चित्र हलते दिसते, पण खरे तर पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रे येत असतात. पुष्कळ खेळांत सेकंदाला साठ चित्रे लागतात. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम सतरा. तेवढ्या वेळात खेळ चित्रांविषयी हजारो मागण्या करतो. दुभाष्या जरासा जरी रेंगाळला, तरी मोटार झटके खात धावते आणि चेंडू एकदम भलतीकडे दिसतो.

२०१६ साली 'व्हल्कन' नावाची एक नवी चित्रभाषा आली. ती कोणा एका कंपनीची नव्हती आणि चित्रे काढणाऱ्या चिपशी फार जवळून बोलणारी होती. फिलिप रेबोहले या प्रोग्रामरला 'नीअर ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. तो नीट चालेना. म्हणून त्यांनी विंडोजच्या चित्रभाषेचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारी 'डीएक्सव्हीके' ही आज्ञावली लिहायला घेतली. २०१८ साली ती लोकांच्या हाती आली. एका माणसाला एक खेळ खेळायचा होता, त्यातून हजारो खेळांचे दार उघडले.

याच सुमारास एक मोठी कंपनी या कामात उतरली होती. अमेरिकेतील 'व्हॉल्व्ह' कंपनी 'स्टीम' नावाचे खेळांचे मोठे दुकान चालवते. सारे दुकान एकट्या विंडोजच्या ओसरीवर मांडलेले असणे तिला धोक्याचे वाटू लागले. २०१३ साली तिने स्टीम लिनक्सवर आणले. २०१५ साली लिनक्सवर चालणारी खेळयंत्रेही बाजारात आणली. पण खेळ थोडे, म्हणून ती खपली नाहीत. तेव्हा कंपनीने दुभाष्याची वाट धरली. वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही भाग एकत्र बांधून तिने २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'प्रोटॉन' आणले. पहिल्या दिवशी तपासून मान्य केलेले खेळ फक्त सत्तावीस होते. आज हजारो खेळ त्यावर चालतात. २०२२ साली आलेले 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळायचे यंत्रही लिनक्सवरच चालते. त्यावर खेळणाऱ्या पुष्कळांना आपण लिनक्स वापरतो आहोत, याची कल्पनाही नसते.

भाषांतरातल्या अडखळण्यावर एक साधा उपायही सापडला. एकदा भाषांतर केलेले वाक्य वहीत लिहून ठेवायचे. तीच मागणी पुन्हा आली, की वही उघडून उत्तर द्यायचे. संगणकही आता तसेच करतो. म्हणून पहिल्यांदा थांबत थांबत चालणारा खेळ दुसऱ्यांदा सुरळीत चालतो.

तर मग आता सगळे खेळ लिनक्सवर चालतात का? नाही. एक दार अजून बंद आहे, आणि ते का बंद आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

काही खेळ दूरदूरची माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात. तिथे लबाडी करणारेही येतात. भिंतीपलीकडचा गडी दिसावा, नेम आपोआप लागावा, अशा युक्त्या ते वापरतात. त्यांना पकडण्यासाठी कंपन्या खेळासोबत एक पहारेकरी पाठवतात. काही पहारेकऱ्यांना संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसायचे असते. तिथून त्यांना सर्व काही दिसते. लिनक्समध्ये मात्र त्या खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात असते. तो खोली हवी तशी बदलू शकतो. पहारेकऱ्याला नेमका याचाच विश्वास वाटत नाही. काही कंपन्यांनी २०२१ पासून आपले पहारेकरी प्रोटॉनबरोबर काम करतील अशी सोय केली. पण ती सोय स्वीकारायची की नाही, हे प्रत्येक खेळाच्या मालकावर ठेवले. 'अ‍ॅपेक्स लेजंड्स' हा खेळ लिनक्सवर चालत होता. २०२४ च्या अखेरीस त्याच्या मालकांनी लबाडीचे कारण देऊन लिनक्सचे दार बंद केले. त्यामुळे प्रामाणिक खेळाडूंनाही बाहेर राहावे लागले.

यात चूक कोणाची? लबाडी थांबली पाहिजे, हे खरे. घर ज्याचे, किल्लीही त्याच्याच हातात असली पाहिजे, हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुमच्या वर्गात यावर वाद घालून पाहा.

लिनक्सवर खेळणारे आजही थोडेच आहेत. स्टीम दुकानाच्या पाहणीत २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे प्रमाण प्रथमच शंभरात तीनच्या वर गेले. शंभरात तीन म्हणजे फार नव्हेत. पण काही वर्षांपूर्वी ते शंभरात एकही नव्हते.

या घराचे दार महाराष्ट्रातील काही मुलांनीही उघडून पाहिले आहे. 'ओएलपीसी' या संस्थेने शाळकरी मुलांसाठी हिरव्या-पांढऱ्या रंगाचा एक छोटा लॅपटॉप तयार केला होता. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा शाळेत तो मुलांच्या हाती दिला गेला. त्यात लिनक्स होते. त्याच्या कळफलकावर एक वेगळी कळ होती. ती दाबली, की चालू असलेल्या आज्ञावलीची कृती पडद्यावर पाहता यावी, अशी त्यामागची कल्पना होती. याच लॅपटॉपसाठी एका कंपनीने १९८९ सालचा गाजलेला 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा खेळ दिला. २००८ च्या जानेवारीत त्याची मूळ आज्ञावली 'मायक्रोपोलिस' या नावाने सर्वांसाठी खुली झाली. शहर वसवता वसवता, ते शहर आत कसे चालते, हेही मुलांनी वाचावे, हा त्यामागचा उद्देश.

अशी कळ आजच्या संगणकांवर नाही. पण ज्याला पाहायचे असेल, त्याला वाट मोकळी आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते; संगणकात आधी असलेल्या गोष्टींना हात लावावा लागत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. त्यामुळे धूळ खात पडलेले कितीतरी संगणक अशा रीतीने पुन्हा कामाला लागू शकतात. त्यांवर नवे भारी खेळ चालणार नाहीत. पण फ्रीसिव्ह चालेल, टक्सची घसरगुंडी चालेल. लहान भावंडांसाठी 'जीकॉम्प्री' आहे. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या संचात अक्षरे, बेरीज, नकाशे आणि बुद्धिबळ यांचे खेळ आहेत. फ्रेंच भाषेत 'मला समजले' हे वाक्य जसे ऐकू येते, तसे हे नाव आहे. हे सारे घरातल्या मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना विचारूनच करा. आणि मुक्त खेळ वाटणे वेगळे, दुसऱ्याचा विकत घ्यायचा खेळ चोरून घेणे वेगळे, हा भेद विसरू नका.

मुक्त खेळाची कृती उघडलीत, तर पहिल्या दिवशी काहीच समजणार नाही. दुसऱ्या दिवशी कदाचित एक आकडा सापडेल. तो बदलून पाहा. पेंग्विन दुप्पट वेगाने घसरला, तर समजा, की कुलूप उघडले.

आणखी एक काम तुमच्यासारख्यांची वाट पाहत आहे. हे खेळ जगभरच्या लोकांनी आपापल्या भाषेत आणले आहेत. खेळातली वाक्ये वेगळी काढून ठेवलेली असतात. ज्याला दोन भाषा येतात, तो ती भाषांतर करून पाठवू शकतो. त्यासाठी कोणा कंपनीत नोकरी असावी लागत नाही. मराठीत आणि उर्दूत अजून पुष्कळ वाक्ये यायची आहेत. दोन्ही भाषा वाचणारी मुले कोणत्या वर्गात बसतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे.